सड्यावरून समुद्र ऐकताना : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात गुहागर तालुक्यातल्या आमच्या सड्यावरच्या, म्हणजे समुद्रालगतच्या कातळी पठारावरच्या, रिसीव्हरबद्दल मी दोन परिच्छेद लिहिले होते. मोठी जहाजं स्वतःचं नाव, जागा, वेग आणि दिशा रेडिओवरून सतत सांगत असतात. या यंत्रणेला एआयएस म्हणतात. किनाऱ्यावर साधा रिसीव्हर बसवला तर ते सगळं घरातल्या नकाशावर उमटतं, एवढंच त्यात होतं. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. मी सतरा वर्षं जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. १ फेब्रुवारी १९९९ ला उपग्रहांची नवी यंत्रणा सगळीकडे लागू झाली आणि मोर्सच्या किल्लीबरोबर आम्हीही जहाजावरून उतरलो. कान मात्र अजून समुद्राकडेच असतात, त्यामुळे या पत्रांना उत्तरं लिहायला बसलो तेव्हा फार बरं वाटलं.

प्रश्न : आमची शाळा समुद्रापासून दोनशे मीटरवर आहे. नववी-दहावीच्या मुलांकडून असा रिसीव्हर बसवून घ्यायचा आहे. गच्चीवर मोकळी जागा आहे, जुना संगणक आहे, पैसे थोडे आहेत. कोणता रिसीव्हर चांगला? किती लांबची जहाजं दिसतील?
— विज्ञान शिक्षिका, दापोली तालुका

उत्तर : बाई, कोणता रिसीव्हर हा प्रश्न सगळेच पहिल्यांदा विचारतात. माझं म्हणणं, तो शेवटी विचारा. आधी उंची, मग अँटेना, मग केबल आणि त्यानंतर डबा, म्हणजे रिसीव्हर.

एआयएस चालतं व्हीएचएफ या रेडिओपट्ट्यात, १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन वाहिन्यांवर. या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात, क्षितिजापलीकडे थोड्याच वाकतात. हिशेब मुलांना फळ्यावर करता येईल. आपल्या अँटेनाची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. जहाजाच्या अँटेनाच्या उंचीचंही वर्गमूळ काढून दोन्हींची बेरीज ४.१२ ने गुणायची, की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. तुमची गच्ची पाइपासकट ९ मीटरवर आणि जहाजाची अँटेना २० मीटरवर धरली तर साधारण ३१ किलोमीटर येतात. माझी अँटेना सड्यामुळे १०० मीटरवर आहे, मला त्याच जहाजासाठी ६० मिळतात. म्हणजे माझ्याकडे महागडं यंत्र आहे असं काही नाही, पायाखाली कातळ आहे एवढंच. वर्गमूळामुळे आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात येईल: पहिले काही मीटर सोन्याचे. तीनाचे नऊ मीटर केलेत की लगेच फरक पडतो, नव्वदाचे शहाण्णव करून काही हाती लागत नाही.

अँटेना विकत घेऊ नका, मुलांकडून करून घ्या. १६२ मेगाहर्ट्झची तरंगलांबी १ मीटर ८५ सेंटिमीटर. तिचा चौथा भाग ४६, आणि धातूच्या सळईत लहर किंचित सावकाश चालते म्हणून सळई ४४ सेंटिमीटर कापायची. वेल्डिंगच्या दुकानात ब्रेझिंगच्या पितळी सळया मिळतात, त्या उत्तम. एक सळई सरळ वर आणि चार सळया खाली, छत्रीच्या काड्यांसारख्या पंचेचाळीस अंशांत उतरत्या. वरची सळई केबलच्या मधल्या तारेला जोडायची, खालच्या चार बाहेरच्या जाळीला. सळई उभीच हवी. जहाजांच्या अँटेना उभ्या असतात म्हणून त्यांच्या लहरीही उभ्या येतात. दूरदर्शनच्या जुन्या अँटेनाच्या काड्या आडव्या. तीच वापरू का असं आणखी दोघांनी विचारलं आहे. चालेल जेमतेम, पण ४४ सेंटिमीटरची ही सळई तिच्यापेक्षा कितीतरी पट चांगलं काम करते.

केबलमध्ये लोक फसतात. दुकानदार बहुधा बारीक काळी आरजी-५८ हातात देतो. तिची पंधरा मीटर लांबी टाकलीत तर आलेल्या सिग्नलचा निम्मा भाग वाटेतच जिरतो. त्यापेक्षा तुमच्या गावच्या डिशवाल्याकडची आरजी-६ घ्या. ती ७५ ओहमची आहे आणि आपल्याला ५० ओहम हवेत, असं कुणी जाणकार सांगेल. त्याचं बरोबर आहे, पण नुसतं ऐकायचं असेल तर त्या फरकाने होणारं नुकसान नगण्य असतं. त्याहून चांगलं म्हणजे रिसीव्हरच अँटेनाच्या पायथ्याशी, पाणी न शिरणाऱ्या डब्यात ठेवायचा आणि खाली फक्त नेटवर्कची तार आणायची.

आता डबा. संगणकाच्या यूएसबीत घालायचा आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे रेडिओ ऐकणारी छोटी काडी, शाळेला पुरे. तो १६२ मेगाहर्ट्झवर लावला की दोन्ही वाहिन्या एकाच वेळी पकडतो, कारण दोघींमध्ये अंतर अवघं ५० किलोहर्ट्झ. त्यासोबत एआयएस-कॅचर हा फुकट प्रोग्रॅम आणि नकाशासाठी ओपनसीपीएन, तोही फुकट. जुना संगणक चालेल. पुढे कायम चालू ठेवायचं ठरलं तर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घ्या, विजेचं बिल वाचेल. जवळ एफएमचं केंद्र किंवा मोबाइलचा मनोरा असेल तर डोंगल त्या आवाजाने दबून जातो. तसं झालं तर मध्ये १६२ चा फिल्टर लावावा लागेल, आधीपासून नको.

पहिल्या दिवशी नकाशा रिकामा दिसला तर मुलांना धीर धरायला सांगा. नांगरलेलं जहाज तीन मिनिटांनी एकदाच बोलतं. चालतं जहाज १४ नॉटपर्यंत (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) दर दहा सेकंदांनी, त्याहून वेगात असेल तर सहा सेकंदांनी आणि २३ नॉटच्या वर दर दोन सेकंदांनी. नाव आणि कुठे चाललंय ही माहिती मात्र सहा मिनिटांनी एकदा येते, म्हणून आधी नुसता नऊ आकडी नंबर दिसतो आणि नाव मागाहून उमटतं. तो नंबर म्हणजे जहाजाचा रेडिओवरचा पत्ता. ४१९ ने सुरू झाला तर झेंडा भारताचा, ६३६ म्हणजे लायबेरिया, ५३८ म्हणजे मार्शल बेटं. आपल्या समोरून जाणाऱ्या जहाजांपैकी किती जणांवर लायबेरियाचा झेंडा आहे हे मुलांनी महिनाभर मोजलं, तर भूगोलाच्या तासाला तुम्हाला वेगळं काही शिकवावं लागणार नाही. आणि 'कुठे चाललंय' ही माहिती जहाजावरचा अधिकारी हाताने टाइप करतो हेही त्यांना सांगा. मुंबई सोडून दोन दिवस झालेलं जहाज अजून मुंबईलाच निघालेलं दिसलं तर चूक तुमच्या यंत्राची नाही.

प्रश्न : दिवाळीत रिसीव्हर लावला, तेव्हा ४५ किलोमीटरपर्यंतची जहाजं दिसत होती. पावसाळा संपला तसे जेमतेम १२ किलोमीटर उरलेत. डोंगल बदलला, काही फरक नाही.
— मालवण

उत्तर : डोंगल बिचाऱ्याचा काही दोष नाही. तुमच्या केबलमध्ये पाणी गेलंय.

मी हे इतक्या खात्रीने लिहितो, कारण माझंही अगदी असंच झालं होतं. पहिल्या वर्षी अँटेनाच्या जोडावर इलेक्ट्रिशियनची साधी काळी टेप तीन वेढे गुंडाळली आणि समाधान मानलं. गणपतीत बघतो तर जयगडच्या बाहेर नांगरलेली जहाजं तेवढी दिसतात, पलीकडचा समुद्र ओस. शेवटी शिडी लावून अँटेना खाली घेतली. टेप सोडवली तर आतून चिकट, ओली. कनेक्टर फिरवला तसे पाण्याचे दोन थेंब तळहातावर पडले, चाखून पाहिले तर खारट. मग कटरने केबलचं काळं आवरण उभं चिरलं. तांब्याची विणलेली जाळी नवी असताना नव्या हंड्यासारखी लकाकत होती, ती काळीहिरवी होऊन बोटांत भुगा होत होती. एक वीत कापली, आत तेच. आणखी वीतभर कापली, तरी तेच. सव्वा मीटर कापल्यावर लाल तांबं दिसलं. पाणी केबलमधून दिव्याच्या वातीसारखं चढतं आणि उतरतं, ते जोडाशी थांबत नाही.

म्हणून नुसता कनेक्टर बदलून भागणार नाही. स्वच्छ तांबं लागेपर्यंत केबल कापा. डिशच्या केबलमध्ये जाळी ॲल्युमिनियमची असते, ती खाऱ्या हवेत तांब्यापेक्षा लवकर जाते आणि पांढरी भुकटी होते. तुमची तशी असेल तर सगळीच बदला. नवा जोड करताना आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, खालून वर, म्हणजे वेढे कौलांसारखे एकमेकांवर चढतात आणि पाणी बाहेरून ओघळतं. तिच्यावर साधी टेप उन्हापासून बचावासाठी. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोका द्या, म्हणजे पागोळीचं पाणी त्या वळणाच्या तळाशी गळून पडेल आणि भिंतीत शिरणार नाही. आगोटीच्या कामांत, घर शाकारताना, हा जोड दरवर्षी एकदा उघडून बघायचा. आमच्याकडे तो मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ठरलेला आहे.

जाता जाता विजेचं. वळवाच्या आणि परतीच्या पावसात ढग गडगडायला लागले की केबल डोंगलपासून काढून खिडकीबाहेर टाकायची. अर्थिंग करा, विजेसाठीचा अरेस्टर लावा, हे सगळं हवंच, पण जांभ्यात अर्थिंग चांगलं बसत नाही. माझा भरवसा हाताने काढलेल्या केबलवर जास्त आहे.

प्रश्न : फेब्रुवारीतल्या एका रात्री नकाशावर अचानक वेरावळजवळची जहाजं दिसायला लागली. इथून ते साडेतीनशे किलोमीटर तरी असेल. सकाळी दहाला सगळी गायब. यंत्र बिघडलं की कुणी खोटे सिग्नल सोडतंय?
— अलिबाग

उत्तर : दोन्ही नाही. तुम्ही नशीबवान आहात, आणि ती रात्र तारखेसकट वहीत लिहून ठेवली असेल अशी आशा करतो.

वर शाळेला दिलेलं गणित नेहमीच्या हवेचं आहे. हिवाळ्यापासून मेपर्यंत अरबी समुद्रावर पुष्कळदा हवेचे दोन थर पडतात. खाली पाण्यालगत दमट आणि गार हवा, तिच्यावर जमिनीकडून आलेली कोरडी आणि उबदार. दोन थरांची सीमा जितकी ठळक तितकी रेडिओलहर तिथून खाली वाकते, पाण्यालगतच्या थरात अडकते आणि पन्हळीतून पाणी वाहावं तशी शेकडो किलोमीटर जाते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत २०० मेगाहर्ट्झचं एक रडार होतं. त्याला अरबस्तानच्या किनाऱ्यावरून, हजार मैलांहून लांबून, प्रतिध्वनी येत असत. तुमचे १६२ मेगाहर्ट्झ त्याचेच शेजारी, तेव्हा वेरावळ म्हणजे काहीच नाही. पावसाळ्यात वाऱ्याने हवा घुसळून निघते आणि ही पन्हळ मोडते.

खरं-खोटं ओळखायची माझी रीत अशी. एकाच दिशेला पाच-पंचवीस जहाजं दिसली आणि प्रत्येक जण आपापल्या वाटेने नीट चालला असेल तर ती हवेची करामत. एकच जहाज उड्या मारत असेल, डोंगरावर किंवा विमानतळावर गोल फिरत असेल, तर त्याच्या जीपीएसमध्ये गडबड आहे. मुळात एआयएस जे सांगतं ते जहाजाचं स्वतःचं म्हणणं असतं. रडारसारखा त्याचा कुणी पडताळा घेतलेला नसतो.

प्रश्न : पुण्यात कोथरूडला नवव्या मजल्यावर राहतो. इथून जमेल का?
— पुणे

उत्तर : नाही. मध्ये सह्याद्री आहे. पण रत्नागिरीला किंवा श्रीवर्धनला तुमचं कुणी असेल तर त्यांच्या गच्चीवर बसवा आणि इंटरनेटवरून पुण्यात बघा.

प्रश्न : याला परवाना लागतो का? आणि ही माहिती परदेशी वेबसाइटला पाठवली तर त्यांची महागडी सेवा फुकट मिळते म्हणतात. पाठवावी का?
— रत्नागिरी

उत्तर : प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि तो एकट्या तुम्ही विचारलात.

आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून नुसतं ऐकण्याचं बिनतारी यंत्र बाळगण्यावरही सरकारचं नियंत्रण होतं. त्या कायद्याची जागा घ्यायला २०२३ चा दूरसंचार कायदा आला. तेव्हा मी काय केलं ते सांगतो. माझ्याकडे हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना आहे. त्याची परीक्षा दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा घेते, शाळकरी मुलंही ती देऊ शकतात. आणि रिसीव्हर लावण्याआधी जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात लेखी पत्र दिलं: काय लावतोय, कुठे, कशासाठी, हे फक्त ऐकतं, काही बोलत नाही. पोच घेऊन फाइलला लावली. २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर आपल्या किनाऱ्यावर छपरावरची नवी अँटेना बघून कुणी चौकशीला आलं तर त्यात त्यांचं चुकत नाही. शाळेनेही आधी हे दोन्ही करावं, सल्ला घ्यावा, मगच शिडी लावावी. आणि बाजारात जहाजावर बसवायचे बोलणारे संच मिळतात, ते किनाऱ्यावर चालवायचे नाहीत. विनापरवाना एक शब्दही हवेत सोडायचा नाही.

वेबसाइटचं म्हणाल तर जगभरातले हजारो हौशी लोक माहिती पाठवतात. मरीनट्रॅफिक २००७ मध्ये ग्रीसच्या एजियन विद्यापीठातून अशाच देवाणघेवाणीवर उभं राहिलं. पण दुसरी बाजूही आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सुरक्षा समितीने डिसेंबर २००४ मध्येच ठरावात म्हटलं होतं की जहाजांची ही माहिती वेबवर सर्रास प्रसिद्ध होणं जहाजांच्या सुरक्षिततेला धोक्याचं आहे. आपल्या सरकारची स्वतःची एआयएस साखळी आहे, ७४ दीपगृहांवर बसवलेली, म्हणजे देशाला माझ्या डब्याची गरज आहे असं नाही. मी माहिती बाहेर पाठवत नाही. माझ्या नकाशावरचं माझ्या घरात राहतं. ज्यांना पाठवायची असेल त्यांनी आधी लेखी परवानगी मागावी, असं माझं मत.

प्रश्न : काका, आमचा ट्रॉलर आहे. बाबा तांडेल आहेत, चार-पाच दिवस बाहेर असतात. घरी रिसीव्हर लावला तर आई-आजीला बोट दिसेल का? आणि मोठ्या जहाजांना आमची बोट दिसते का?
— हर्णै

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं. नीट लिहितो, कारण इथे अर्धवट माहिती वाईट.

रिसीव्हर फक्त ऐकतो. बोटीवर एआयएसचा बोलणारा संच असेल, तो चालू असेल आणि त्याची अँटेना धड असेल तरच तुमची बोट दिसेल. वीस मीटरहून लांब मासेमारी बोटींना तो बंधनकारक केलेला आहे. तुमची तेवढी नसेल तर आधी बाबांना विचार की संच आहे का, आणि कोणता. उपग्रहावर चालणारे दुसरे संचही बोटींना दिलेले आहेत, ते या रिसीव्हरवर ऐकू येत नाहीत.

मोठ्या जहाजाचा संच साडेबारा वॉटचा, तुमच्या बोटीचा बहुधा दोन वॉटचा. अँटेना पाण्यापासून चार मीटरवर. तुमचं घर बंदरालगत खाली असेल, अँटेना धरून ९ मीटर, तर गणिताने २० किलोमीटर येतात, आणि दोन वॉटचा सिग्नल त्याच्या आतच विरेल. तुमचे लोक त्याच्या कितीतरी बाहेर जातात. म्हणजे पहिल्या दिवशी दुपारी ठिपका नाहीसा होईल आणि परतीच्या दिवशीच उगवेल. आईला आणि आजीला हे आधी समजावून सांग. ठिपका गेला म्हणजे बोट गेली नाही, ती फक्त क्षितिजाखाली उतरली. हे न सांगता नकाशा घरात लावलास तर त्या दोघींना चार रात्री झोप लागायची नाही.

मोठ्या जहाजांना बोट दिसते का? संच चालू असेल तर त्यांच्या पडद्यावर येते. जहाजाची अँटेना उंच, त्यामुळे त्यांना तुमचं बऱ्यापैकी लांबून ऐकू येतं. पण चालती छोटी बोट साधारण अर्ध्या मिनिटाने एकदा बोलते, आणि पलीकडे जहाजाच्या पुलावरचा, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथला, माणूस पडद्याकडे बघत असेलच असं नाही. त्या पुलांवर मी रात्री उभा राहिलोय. समोर पन्नास ठिपके असले की लहान बोटींचे ठिपके झाकायची सोय असते, आणि काही जण ती वापरतात. म्हणून दिवे, रडारला दिसणारा परावर्तक आणि जागा माणूस, हे तीन आधी. एआयएस त्यानंतर. जाळं टाकून बोट उभी असताना बॅटरी वाचवायला संच बंद करतात असं मी ऐकून आहे. बाबांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, वाटेल ते बंद करा, हा नको.

तुझ्या हातात आत्ता एक काम आहे. नारळी पौर्णिमेआधी बोट किनाऱ्यावर ओढलेली असते, तेव्हा संचाची अँटेना केबिनच्या टपावर सगळ्यांत उंच आहे का बघ. पुष्कळदा ती दिव्याच्या लोखंडी खांबाला चिकटून बांधलेली असते, तिथून हातभर तरी दूर घे. मालवणच्या पत्राला लिहिलेलं उत्तर वाच आणि जोड उघड. बोटीवरच्या जोडात घरच्यापेक्षा जास्त मीठ असतं. मग बोट पाण्यात उतरली की बंदरातच तुझ्या रिसीव्हरवर नऊ आकडे बरोबर उमटतात का आणि नाव बोटीचंच येतं का ते ताड. जुन्या मालकाचं नाव राहून गेलेलं मी पाहिलंय.

आणि १५५४ हा तटरक्षक दलाचा शोध आणि बचावाचा नंबर आहे. बोटीचे नऊ आकडे, बोटीचा नोंदणी क्रमांक आणि तो नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिही आणि आजीला वाचता येईल अशा जागी भिंतीवर चिकटव.